चार चाकांची वाटणी

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पाय पोटाशी घ्या, म्हणजे आणखी दोघांची सोय होईल. आज एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. गाडीची गोष्ट म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. नाक मुरडायचे प्रसंग पुढे पुष्कळ येणार आहेत, तेव्हासाठी ते राखून ठेवा. देवानं माणसाला नाक दिलं ते काय फक्त फुलं हुंगायला? कुठे काय कुजतंय ते वेळेवर कळावं, हाही त्याचा हिशेब असणारच. आता कळून सवरून कुणी नाकावर रुमाल धरून बसला, तर त्याला देव तरी काय करणार!

तर एक होती ताई. चार भावंडांत थोरली, आणि दवाखान्यात नर्स. तीस वर्षं तिनं लोकांच्या जखमा धुतल्या, पू पुसला, उलट्या ओंजळीत झेलल्या, आणि तेच हात साबणानं धुऊन डबा उघडून शांतपणे जेवली. नवीन पोरी वॉर्डातून तोंड दाबून पळायच्या तेव्हा ही हसायची. "अगं, माणूस आहे तो. आतून सगळे असेच. तुझ्या पोटात काय अत्तर भरलंय?" अशा बाईला, मंडळी, एका गाडीनं ओकारी आणली.

गाडी मुळात बाबांची. बाबा काचेचे कारागीर. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांच्या मोठमोठ्या काचा, सगळं मापात कापून बसवायचे. काच वाहून न्यायला त्यांनी ही लांबलचक पाठीची गाडी घेतली होती. मागची सीट आडवी केली की एक अख्खं दार आत झोपेल, आणि सीट उभी केली की सगळं घरदार मावेल. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. तो हवाच होता, कारण घर डोंगराच्या माथ्याशी आणि वर जायला सात वळणांचा कच्चा चढ, चिकणमातीचा. साध्या गाड्या पहिल्या वळणावरच फतकल मारून बसायच्या. ही मात्र गाभण म्हशीसारखी संथ, पण वर जायचीच.

बाबांचा एक स्वभाव होता. वाटणी करावी तर त्यांनीच. एका सफरचंदाचे चार भाग करायचे तरी आधी डोळा बारीक करून बघणार, मग सुरी लावणार. कुणाला तसूभर जास्त नाही, कुणाला तसूभर कमी नाही. एकानं खोडी काढली तरी धपाटे चौघांना, तेही सारख्याच जोराचे. पोरं म्हणायची, बाबा रागावतात तेसुद्धा पट्टी लावून.

बाबांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, तेव्हा सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला खाली शहरात जाणं आलं. नजरही अधू झाली होती. गाडी चालवणं बंद झालं. मुलं म्हणाली, आता खाली चला. बाबा म्हणाले, मी वरच राहणार. वर त्यांची काच कापायची मोठी मेज होती, स्वतः बसवलेल्या खिडक्या होत्या, आणि आई गेली तीही त्याच घरातून. शेवटी त्यांनी चौघांना समोर बसवलं आणि निवाडा दिला.

"चार मुलं, चार चाकं. गाडी चौघांची. प्रत्येकाचा एक आठवडा. त्या आठवड्यात गाडी त्याची, आणि मला दवाखान्यात नेणं-आणणं त्याचं. चाकंही वाटून देतो, म्हणजे पुढे तंटा नको. पुढचं डावं थोरलीचं. पुढचं उजवं साहेबाचं. मागचं डावं बगळ्याचं. मागचं उजवं धाकटीचं. ज्याचं चाक त्यानं बघायचं."

साहेब हा दुसरा मुलगा. कचेरीत मोठ्या खुर्चीवर होता आणि घरीही खुर्चीतून उतरायचा नाही, म्हणून साहेब. बगळा हा तिसरा. त्याला गळ टाकून मासे धरायचा नाद, पाण्यात एका पायावर तासन् तास उभा. आणि धाकटी ती धाकटीच, तीन पोरांची आई झाली तरी.

"आणि इंजिन कुणाचं?" धाकटीनं विचारलं होतं.

"इंजिन माझं," बाबा म्हणाले. "आता दुसरं ऐका. ज्या दिवशी ही गाडी मला वर-खाली नेऊ शकणार नाही, त्या दिवशी मी आपणहून खाली येईन. तुम्ही म्हणाल त्या वृद्धाश्रमात जाईन, कुरकुर करणार नाही. पण तोवर ह्या घरातून मला कुणी हलवायचं नाही. कबूल?"

सगळे कबूल म्हणाले. बाबांचा शब्द म्हणजे कापलेली काच. एकदा रेघ पडली की पडली. म्हणजे बघा, म्हाताऱ्याचं घर, त्याची मेज, त्याच्या खिडक्या, सगळं त्या एका गाडीच्या पाठीवर ठेवलेलं होतं.

अशी चार वर्षं गेली.

आठवड्यांचा क्रम ठरलेला होता. आधी साहेब, मग बगळा, मग धाकटी आणि शेवटी ताई. क्रम बाबांनी चिठ्ठ्या टाकून लावलेला, त्यात पक्षपात नव्हता. पण त्याचा अर्थ असा झाला की तिघांच्या तीन आठवड्यांची घाण चौथ्या रविवारी ताईच्या दारात येऊन उभी राहायची.

त्या रविवारी दुपारी धाकटीनं गाडी बिल्डिंगखाली लावली. खालूनच ओरडली, "ताई, किल्ली वॉचमनकडे दिलीय गं! पोरं पेंगलीत, मी पळते!" ताई बादली आणि फडकी घेऊन खाली उतरली. दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली.

वास असा, की त्याला हात लावता येईल. मागच्या सीटखाली दूध सांडून आंबलं होतं आणि गालिच्याचे केस त्यात चिकटून ताठ झाले होते. पट्ट्याच्या खटक्यात चोखून टाकलेलं बिस्किट बसलं होतं, आता कुणाला पट्टा लावायचा तर आधी ते खरवडायला हवं. दाराच्या कप्प्यात पुडी करून ठेवलेला डायपर, तोही आजचा नव्हे. पुढे, पेला ठेवायच्या खळग्यात, नखं. हाताचीही आणि पायाचीही. साहेबाला सिग्नलला थांबलं की नखं काढायची सवय होती, आणि खाली टाकली तर गाडी घाण होईल म्हणून तो ती खळग्यात जमा करायचा. स्वच्छतेची आवड हो, दुसरं काय! मागची फळी उचलली, जिच्याखाली स्टेपनी असते, तर तिथे प्लॅस्टिकचा एक डबा. झाकण फुगलेलं. ताईनं ते उघडलं आणि लगेच लावलं. बगळ्याची गांडुळं. दोन आठवड्यांपूर्वीची.

तिनं तिथेच, फुटपाथवर बसून, तिघांना फोन लावले.

"डायपर माझा, कबूल," धाकटी म्हणाली. "पण तो वास माझा नाही हं ताई. तो मला गाडी मिळाली तेव्हापासूनच होता."

"मग सात दिवस त्या वासात पोरं बसवलीस?"

"खिडक्या उघड्या ठेवायच्या गं."

बगळा उलट खूश झाला. "डबा सापडला? मी घरभर शोधतोय! टाकू नकोस हं, खालची अर्धी जिवंत असतील."

साहेब म्हणाला, "नखं? ताई, नखं म्हणजे काय घाण आहे का? कोरडी असतात ती."

ताईनं फोन ठेवला. घासायला लागली. साबण, व्हिनेगर, जुना दातांचा ब्रश. दवाखान्यातली घाण तिला घाण वाटायची नाही, कारण तिच्यामागे कुणाचं तरी दुखणं असायचं. ह्या घाणीमागे कुणाचं काही दुखत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं गुडघे टेकून ती गाडी आतून धुतली, पण गांडुळांचा वास काही जाईना. तो फळीच्या खालच्या फेल्टच्या जाड अस्तरात मुरला होता.

सोमवारी सकाळी ती बाबांना आणायला निघाली. तिसऱ्या वळणावर गाडीनं एक आचका दिला, जणू कुणीतरी मागून पदर धरून ओढला. चौथ्यावर पुन्हा, आणि खालून कडकड आवाज. सहाव्यावर तर चाक फरफटत वळल्यासारखं वाटलं. ताईनं मनात देवाचं नाव घेतलं आणि सगळा दोष चिखलावर ढकलला.

बाबा ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. डायलिसिसला जाताना ते असे जायचे, जणू कुणाच्या घरी आरसा बसवायला चालले आहेत.

"तीन मिनिटं उशीर," ते म्हणाले.

"चिखल आहे, बाबा."

"चिखल गुरुवारीही होता. धाकटी वेळेवर आली होती."

"बसा आता. भांडण जाताना करू."

उतारावर आणखी एक वास यायला लागला, जळक्या तेलाचा. बाबांचे डोळे अधू होते, नाक शाबूत होतं. "काय जळतंय?"

"काल गाडी धुतली ना, ते पाणी सुकतंय," ताईनं ठोकून दिलं.

दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी कशीबशी पोचली. तिनं बाबांना यंत्राशी नेऊन निजवलं, सुई लागलेली पाहिली. आता चार तास ते जागचे हलणार नव्हते. मग गाडी गोगलगायीच्या चालीनं मागच्या गल्लीतल्या फिटरकडे नेली. गाडी आत वळताना खालून धाडदिशी आवाज आला, आणि ती अर्धी रस्त्यावर, अर्धी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

फिटर हा बारीक, वाळका माणूस. गाडी बोलते आणि मालक खोटं बोलतो, असं त्याचं ठाम मत. त्यानं चार माणसं लावून गाडी आत ढकलली, वर उचलली, खाली शिरला, बाहेर आला, आणि खुंटीवरची शिंप्याची टेप घेतली. एकेका टायरला गोल गुंडाळून मापं घेतली. चारही झाल्यावर स्टुलावर बसला.

"ताई, ही टायरं कुणी बसवली?"

"आम्हीच. चौघांनी."

"चौघांनी मिळून?"

"नाही. आपापलं."

फिटरनं टेप गळ्यात टाकली. "ह्या धंद्यात केस पिकले माझे. पण एका गाडीला चार बापांची चार टायरं ह्या गाडीशिवाय कुठे पाहिली नाहीत."

"एकाच बापाची आहोत आम्ही," ताई म्हणाली.

"मग तर जास्तच वाईट." तो उठला आणि बोटानं दाखवत गेला. "हे बघा. हे झिजून गुळगुळीत, हे नवंकोरं, हे जाड नक्षीचं, हे त्याहून वेगळ्या कंपनीचं. मापात फरक म्हणजे प्रत्येक चाक वेगळ्या वेगानं फिरणार. साध्या गाडीत खपून जातं थोडंफार. हिच्यात नाही. हिच्या पोटात पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारा एक डबा असतो. चाकं एका मापाची असली तर त्याला काम थोडं. तुमच्या चाकांची तो घटकाभरही विश्रांती न घेता समजूत घालत होता. तापला, तेल जळालं, आतून पार वितळला. एक टायर खराब झालं तर चारही बदलायची, हा ह्या गाडीचा पहिला नियम. पोरासोरांना माहीत असतो."

ताईनं भावंडांना बोलावलं. दुपारच्या सुट्टीत तिघंही आली. आली ती सरळ आपापल्या चाकाशी जाऊन उभी राहिली, जशी शाळेत पोरं आपापल्या बाकाशी उभी राहतात.

"माझं सगळ्यात भारी कंपनीचं आहे," साहेब म्हणाला. "माझ्या चाकाला कुणी बोट लावून दाखवावं."

"माझं खास चिखलाचं," बगळा म्हणाला. "नदीवर कधी अडकलो नाही."

"मी तर माझं बदललंच नाही," धाकटी म्हणाली. "चार वर्षं तेच. माझा तर प्रश्नच नाही."

फिटर फडक्यानं हात पुसत साहेबाकडे बघत होता. "साहेब, तुम्हाला मी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. आवाज येतो म्हणून आला होतात. म्हटलं होतं, चारही बदला, नाहीतर डबा जाईल."

"सांगितलं होतंस," साहेब म्हणाला. "पण माझं टायर ठीक आहे असंही म्हणालास की नाही? मग मी काय करणार? दुसऱ्याच्या चाकात मी नाक खुपसत नाही."

"मलाही टायरवाला काहीतरी बोलला होता," बगळा पुटपुटला. "मला वाटलं, साहेबाला माहीत असेल."

"आमच्या ह्यांनी गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं," धाकटी म्हणाली. "पण मी म्हटलं, मोठी माणसं आहेत, त्यांना का आपण शिकवायचं?"

ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग साहेबानं बॅग उघडली, तिच्यातून घडी घातलेला कागद काढला आणि बॉनेटवर पसरला. वृद्धाश्रमाचा अर्ज. बाबांचं नाव, वय, दुखणी, सगळं सुबक अक्षरात भरलेलं. फक्त सहीची जागा रिकामी.

"आता ठरल्याप्रमाणे," तो म्हणाला. "बाबांचाच शब्द आहे. गाडी संपली."

"इतक्यात कधी भरलास?" ताईनं विचारलं. मग तिला तारीख दिसली. सहा महिन्यांपूर्वीची. कागद घडीवर झिजला होता. फिटरनं त्याला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात ह्यानं अर्ज भरला. मग तो सहा महिने बॅगेत घेऊन फिरला, दर चौथ्या आठवड्याला बापाला शेजारी बसवून वळणं उतरला, सिग्नलला नखं काढली, आणि डबा जळायची वाट बघत राहिला.

ताई वळली, शेडच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली आणि भडाभडा ओकली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मागे धाकटी म्हणाली, "अगं बाई, तिला काय झालं?" बगळा म्हणाला, "डिझेलचा वास. मलाही होतं तसं."

ताईनं चूळ भरली. नळाचं पाणी तोंडावर मारलं. आणि त्या गार पाण्यात, देवाची करणी बघा, तिला एक माणूस आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. तिच्या चाकात लोखंडाची पट्टी घुसली होती, टायर फाटलं होतं. टायरवाला म्हणाला होता, "बाई, ह्या गाडीला एकटं टायर घालू नका, चारही घाला." आणि ती, जी गोळी देताना चिठ्ठी तीन तीनदा वाचायची, ती म्हणाली होती, "मला लुबाडायला दुसरी कुणी मिळाली नाही का? माझं एक घाल." त्यानं घातलं. तिनं ते नवंकोरं चाक पाहिलं, इतर तीन जुनी पाहिली, आणि तिला आतून बरं वाटलं होतं. आपलं चाक सगळ्यांत चांगलं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पहिलं वेगळं चाक तिचं होतं. बाकीच्यांनी तिचं बघून आपापलं केलं.

बेसिनवरच्या मळकट आरशात तिला तिचं तोंड दिसलं. त्याचीही तिला किळस आली, आणि ती किळस ओकून बाहेर पडणारी नव्हती.

ती परत आली. "गाडी माझ्या एकटीच्या नावावर करा," ती म्हणाली. "आजपासून आठवडे बंद. बाबाही माझे."

मग तिघांच्या तोंडावर हळूहळू जो उजेड पसरला, तो मी सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये. ताप उतरल्यावर पेशंटच्या तोंडावर येतो तसा.

"ताई, तुला झेपेल का पण?" धाकटीनं विचारलं, नाही म्हणू नकोस अशा आवाजात.

"तू म्हणतेस म्हणून हं," बगळा म्हणाला.

साहेबाचं पेन केव्हाच बाहेर आलं होतं. अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यानं चार ओळी लिहिल्या आणि तिघांनी सह्या ठोकल्या. त्या कागदाचं असं दोन्ही अंगांनी काम झालं. साहेबानं तो पुन्हा घडी करून बॅगेत ठेवला.

बाबा तीन दिवस ताईच्या दोन खोल्यांत राहिले. तिनं त्यांना खिडकीजवळचा पलंग दिला. त्यांनी खिडकीची काच बोटानं वाजवून पाहिली, "पातळ आहे" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. इकडे फिटरनं धडकेत मोडलेल्या एका तसल्याच गाडीतून तो डबा काढून आणला आणि चार टायरं बसवली, एका कंपनीची, एका मापाची. टेप लावून ताईला दाखवली. गुरुवारी डायलिसिस झाल्यावर ताईनं गाडी दवाखान्याच्या पायऱ्यांशी आणून उभी केली.

बाबा पिशवी घेऊन पायरीवर उभे. गाडीच्या दाराकडे बघेनात.

"साहेबाचा फोन आला होता," ते म्हणाले. "अर्जावर सही करतो म्हणालोय."

"बाबा, गाडी दुरुस्त झालीय."

"झाली असेल. सोमवारी ती मला वर नेऊ शकली नाही. ठरलं काय होतं?"

"तीन दिवसांची तर गोष्ट आहे."

"तीन मिनिटं असली तरी ठरलं ते ठरलं. आणि आता ही तुझ्या एकटीची म्हणे?"

"हो."

"मग मी हिच्यात पाय ठेवणार नाही. तिघांचा वाटा गिळून वर जायचं, त्यापेक्षा खाली राहीन. आयुष्यभर कुणाला कमी दिलं नाही, आता मरताना देऊ?"

ताईनं बाबांचा दंड धरला, त्यांना गाडीच्या मागे नेलं, मागचं दार उघडलं आणि फळी उचलली.

"घ्या वास."

"काय आहे हे? शी!"

"बगळ्याची गांडुळं कुजली होती इथे. त्याच्यापुढे दूध आंबलं होतं, शेजारी डायपर, पुढे साहेबाची नखं. दर चौथ्या रविवारी मी हे खरवडते, चार वर्षं. तुम्ही सारखे वाटे केलेत ना, बाबा? मग हा वास कुणाच्या वाट्याचा? हा तुम्ही वाटायला विसरलात. हा तुमच्या न्यायाचा वास आहे."

"तोंड सांभाळून बोल."

"नाही सांभाळणार. तिघांनाही माहीत होतं, चाकं सारखी नसली तर गाडी मरते. एकानंही सांगितलं नाही. साहेबानं तर अर्ज भरून ठेवला, सहा महिने आधी. तारीख बघा, कागद त्याच्याच बॅगेत आहे."

बाबांनी गाडीच्या कडेचा आधार घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "आणि तुला? तुला कधी कळलं?"

इथे, मंडळी, ताईला गप्प बसता आलं असतं. बाबांची नजर अधू होती, तिचं तोंड त्यांना दिसलंही नसतं.

"सगळ्यांच्या आधी," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. पहिलं वेगळं चाक मीच घातलं. टायरवाला नको म्हणत होता."

"आणि सांगितलं नाहीस?"

"माझं चाक चांगलं होतं, बाबा."

पायऱ्यांवरून माणसं येत-जात होती. एका वॉर्डबॉयनं विचारलं, "सिस्टर, खुर्ची आणू का आजोबांना?" ताईनं मानेनंच नको म्हटलं. बाबा गाडीच्या मागच्या कडेवर, त्या वासात, हळूच टेकले. आतल्या स्टेपनीवर हात ठेवला. कारागिराचा हात तो, डोळ्यांचं काम बोटांनी करणारा. मग उठले, गाडीला धरून धरून चारही चाकांपाशी गेले, प्रत्येकावर पंजा फिरवला आणि परत आले.

"सारखी आहेत," ते म्हणाले.

"हो."

"मी चाकं वाटली," बाबा म्हणाले. "गाडी कुणालाच दिली नाही."

ताईनं उचललेली फळी पुन्हा जागेवर बसवली.

"माझा शब्द चौघांच्या गाडीबद्दल होता," बाबा पुढे म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा पट्टी लावल्यासारखा सरळ झाला. "ती गाडी सोमवारी गेली. तिच्याबरोबर तो शब्दही गेला. ही दुसरी. हिच्याबद्दल मी कुणाला काही बोललेलो नाही. साहेबाला तसं सांग. नाहीतर राहू दे, मीच सांगतो. आणि अर्ज फाडू नकोस म्हणावं. त्याला स्वतःला लागेल."

"बाबा!"

"दार उघड. आणि खिडक्या खाली कर, जीव जातो माझा ह्या वासानं."

गाडी सात वळणं चढली. आचका नाही, कडकड नाही. बाबांनी मात्र सबंध चढभर रुमाल नाकाला धरला होता आणि दर वळणावर म्हणत होते, "गांडुळं! अरे, गांडुळं ठेवतो का कुणी गाडीत!" वर पोचल्यावर ते आपल्या मेजेशी गेले, तिच्यावरची धूळ तळहातानं पुसली आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. ताईशी ते त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत. रागावले होते. राग ह्या वेळी चौघांना सारखा वाटला नव्हता, तिच्या वाट्याला थोडा जास्त आला होता. तिनं तो मुकाट्यानं घेतला.

पुढे बाबा तीन वर्षं त्या घरात राहिले आणि त्याच घरातून गेले. एकही सोमवार, एकही गुरुवार चुकला नाही. बाकीची तिघं सणासुदीला यायची, गाडी छान ठेवलीय म्हणायची, आणि वर यायला साध्या गाड्या चालत नाहीत म्हणून पहिल्या वळणावरून ताईला फोन करायची. ती खाली जाऊन त्यांना घेऊन यायची. येताना खिडक्या खाली. तो वास अजून पुरता गेलेला नाही.

झाली माझी गोष्ट. आता उठाल, घरी जाल, दिवा लावून देवापुढे घटकाभर बसाल, तेव्हा स्वतःसाठी मागायचं ते मागून झालं की एकदा त्या ताईची आठवण काढा. तिचं पुण्य फार मोठं होतं म्हणून नव्हे. दोन शब्द गिळले असते तर ती चांगलीच ठरली असती, आणि तिनं ते गिळले नाहीत. म्हातारीचे गुडघे आता दुखतात. तिला बरं वाटू दे म्हणा.